वॉशिंग्टनने हात आखडला की आपल्या गावाच्या बजेटचं काय होतं?

रारिटनकाठ

मंडळी, गेले काही महिने एक प्रश्न डोक्यात घोळतोय. जुलै २०२५ मध्ये 'वन बिग ब्यूटिफुल बिल' (कर आणि खर्च दोन्ही कापणारा फेडरल कायदा) मंजूर झालं. दहा वर्षांत मेडिकेडमधून (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) सुमारे ९०० बिलियन डॉलर कमी, स्नॅपमधून (गरिबांना किराण्यासाठी मदत, जुने फूड स्टॅम्प) सुमारे १८६ बिलियन कमी. आकडे ऐकताना वाटायचं, हे वॉशिंग्टनचं प्रकरण आहे, आपल्या गल्लीपर्यंत कुठे येतंय.

यंदा आमच्याकडे (मध्य न्यू जर्सी) गावच्या कुठल्याही बैठकीला जा, पालुपद एकच : 'फेडरल पैशाची खात्री नाही'. शाळेत वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठीच्या शिक्षिकेची जागा भरायची की नाही, ठरत नाही. सीनियर सेंटरमधल्या दुपारच्या जेवणाचे दिवस कमी करायचं घाटतंय. आणि प्रॉपर्टी टॅक्स वाढणार हे तर गृहीतच धरलंय.

प्रश्न असा : फेडरल सरकारने खर्च कापला की तो खर्च खरंच नाहीसा होतो, की राज्य, काउंटी, गाव असा खाली सरकत येतो? सरकत असेल तर आपल्या बिलात तो नेमका कुठे दिसतो? माझं मत सांगून टाकते. तो सरकतो, आणि ज्याचा आवाज सगळ्यात बारीक त्याच्या वाट्याला येतो. पण मला हिशेब समजून घ्यायचाय. जाणकारांनी लिहा.

---

वाटाणा

वाचतोय. चांगला विषय.

---

अंकगणित

ताई, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर कायद्यातच आहे. फेडरल सरकार कर्ज काढून तूट भरू शकतं. राज्यांना ती मुभा नाही. व्हर्मॉंट सोडलं तर प्रत्येक राज्याला कायद्याने वा घटनेने बजेट जुळवावंच लागतं. त्यामुळे वरून पैसा आटला की राज्यापुढे तीनच वाटा : कर वाढवा, सेवा कापा किंवा शिलकीला हात घाला. शिलक एकदाच वापरता येते.

राज्यांच्या एकूण खर्चात साधारण एक तृतीयांश पैसा फेडरल असतो आणि त्यात मेडिकेडचा वाटा सगळ्यात मोठा. मेडिकेडमध्ये राज्याने डॉलर घातला की फेडरल सरकार आपला ठरलेला वाटा घालतं. न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कॅलिफोर्निया यांना ५० टक्के मिळतात, मिसिसिपीसारख्या गरीब राज्याला सुमारे ७७ टक्के. ओबामाकेअरखाली (२०१० चा आरोग्य विमा कायदा) ज्यांना नव्याने मेडिकेड मिळालं त्यांच्यासाठी सगळ्यांनाच ९० टक्के. आता न्यू जर्सीने बचत म्हणून स्वतःचा एक डॉलर कमी केला तर रुग्णालयांपर्यंत पोचणारे दोन डॉलर जातात. नव्या लोकांच्या बाबतीत एका डॉलरमागे दहा जातात. म्हणून राज्य मेडिकेडला शेवटी हात लावतं आणि त्याआधी विद्यापीठं, रस्ते, गावांना द्यायची मदत यांवर सुरी चालते. तुमच्या गावापर्यंत येणारी वाट ही.

वेळापत्रकाचाही घोळ आहे. फेडरल वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, बहुतेक राज्यांचं १ जुलैला, न्यू जर्सीतल्या बऱ्याच गावांचं १ जानेवारीला. वर काय होणार हे कळायच्या आत खालच्यांनी बजेट मंजूर केलेलं असतं.

---

खतावणी

इथे सगळे एकाच सुरात बोलायच्या आत दुसरी बाजू मांडतो.

देशाचं कर्ज ३८ ट्रिलियन डॉलरवर गेलंय. नुसतं व्याज वर्षाला ट्रिलियनच्या घरात. हा पैसा कुठून तरी थांबायलाच हवा. दुसरं, राज्यं काही बिचारी नाहीत. 'प्रोव्हायडर टॅक्स' बघा. राज्य रुग्णालयांवर कर लावतं, तो पैसा आपला वाटा म्हणून दाखवतं, त्यावर फेडरल पैसा उचलतं आणि वाढीव दराने त्याच रुग्णालयांना परत देतं. राज्याच्या करदात्याच्या खिशाला तोशीस नाही. दोन्ही पक्षांच्या राज्यांनी वर्षानुवर्षं हेच केलं. नव्या कायद्याने मेडिकेड वाढवलेल्या राज्यांसाठी या कराची मर्यादा ६ टक्क्यांवरून २०२८ पासून दर वर्षी अर्धा टक्का उतरवत ३.५ वर आणलीय. मला यात गैर काही दिसत नाही.

ज्या सरकारने खर्च करायचा त्यानेच कर मागायला लोकांसमोर उभं राहावं. जाब विचारायला एकच दार असलं की बरं. तुमच्या गावाला सीनियर सेंटर हवं असेल तर गावाने मत देऊन पैसे उभे करावेत.

---

कणीस

मी डॉक्टर आहे, आयोवातल्या एका लहान काउंटीत. जे-१ व्हिसाच्या सवलतीवर (डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं काम केलं की मायदेशी परतायची सक्ती नसते) इथे आलो, ती तीन वर्षांची अट संपली तरी इथेच राहिलो. आपले बरेच डॉक्टर अशाच वाटेने खेड्यांत आलेत, म्हणून लिहितो.

खतावणी, प्रोव्हायडर टॅक्स हा आडमार्ग आहे हे मान्य. पण त्या आडमार्गाने आलेल्या पैशावर प्रसूती विभाग चालतात. देशातल्या साधारण ४० टक्के बाळंतपणांचं बिल मेडिकेड भरतं, खेड्यांत त्याहून जास्त. प्रसूती विभाग चोवीस तास उघडा ठेवायचा तर नर्स, भूलतज्ज्ञ, रक्त सगळं तयार लागतं, मग महिन्यात बाळंतपणं दहा होवोत की तीस. तो विभाग तोट्यातच चालतो, म्हणून पहिला बंद होतो. आमच्या शेजारच्या काउंटीतला बंद झाला. आता तिथल्या बायका बर्फात पाऊण तास गाडी हाकत आमच्याकडे येतात. गेल्या हिवाळ्यात एक बाळ ॲम्ब्युलन्समध्ये जन्मलं. दोघं सुखरूप आहेत, पण ॲम्ब्युलन्समधल्या त्या पॅरामेडिकचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही.

आणि 'गावाने पैसे उभे करावेत' म्हणता, तर आयोवातली कितीतरी रुग्णालयं काउंटीच्याच मालकीची आहेत आणि त्यांच्यासाठी प्रॉपर्टी टॅक्स आधीच घेतला जातो. शेतकरी भरतोय. काउंटीत दहा हजार माणसं असतील तर आणखी किती घेणार?

कायद्यात खेड्यांसाठी पाच वर्षांत ५० बिलियनचा निधी ठेवलाय, तो सगळ्या ५० राज्यांना मिळतोय, हे खरं. पण त्यातला निम्मा राज्यांत सारखा वाटायचा आहे, मग त्या राज्यात खेडी किती का असेनात. आणि तो पाच वर्षांनी संपतो, कपात संपत नाही.

---

शिकागोची_थंडी

कणीस, तुमच्यासारखे डॉक्टर खेड्यात टिकून आहेत याबद्दल मनापासून आभार.

---

खिडकीपलीकडे

मी एका काउंटीच्या सोशल सर्व्हिसेस ऑफिसात स्नॅपचे अर्ज तपासते. राज्याचं नाव लिहीत नाही. मेडिकेडवर चर्चा झाली, पण माझ्या मते काउंट्यांवर सगळ्यात आधी आदळणार आहे ते स्नॅप, आणि ते कसं हे टेबलाच्या या बाजूने सांगते.

एक अर्ज डोळ्यांसमोर आणा. बाई गोदामात काम करतात, पगार आठवड्याला. एका आठवड्यात २६ तास, पुढच्यात ३८. बहीण सोबत राहते, भाड्यात अर्धा वाटा देते, पण रोख. मोठा मुलगा पिझ्झाच्या दुकानात लागतो आणि सोडतो. या सगळ्यातून मला महिन्याचं उत्पन्न काढायचं, भाड्याची आणि विजेची वजावट धरायची आणि रक्कम ठरवायची. बाई दोन बसा बदलून आलेल्या असतात, एक पे-स्टब (पगाराची पावती) घरी राहिलेली असते. काही महिन्यांनी क्वालिटी कंट्रोलचे लोक हीच फाइल काढतात. रक्कम ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त चुकली (२०२५ च्या फेडरल वर्षात ती मर्यादा ५७ डॉलर होती) की ती चूक राज्याच्या नावावर. जास्त दिले तरी चूक आणि कमी दिले तरी चूक. बाईंनी बहिणीबद्दल सांगितलं नाही म्हणून चुकलं की मी घाईत जुनी स्टब धरली म्हणून, याने काही फरक पडत नाही. ही फसवणूक नव्हे. पण बातम्यांत हाच आकडा फसवणुकीचा म्हणून फिरतो आणि त्याचा मला फार त्रास होतो.

आता दोन तारखा लिहून ठेवा.

१ ऑक्टोबर २०२६. ऑफिस चालवायच्या खर्चातला फेडरल वाटा ५० टक्क्यांवरून २५ वर येणार. म्हणजे राज्य आणि काउंटीचा मिळून वाटा ५० वरून ७५. आमच्यावरचा भार एका रात्रीत दीडपट.

१ ऑक्टोबर २०२७. स्नॅपच्या इतिहासात पहिल्यांदा राज्यांना प्रत्यक्ष लाभाच्या रकमेत वाटा द्यावा लागणार, आणि तो चुकांच्या प्रमाणावर ठरणार. ६ टक्क्यांच्या खाली असाल तर शून्य. ६ ते ८ मध्ये असाल तर ५ टक्के, ८ ते १० मध्ये १० टक्के, त्यावर १५ टक्के. २०२४ साली देशाची सरासरी १०.९३ होती. साउथ डकोटासारखी मोजकी राज्यं ६ च्या आत आहेत.

या दोन तारखा एकापुढे एक ठेवा. आधी ऑफिसच्या पैशाला कात्री लावायची, माणसं कमी होणार. माणसं कमी झाली की एकेका फाइलला वेळ कमी, चुका जास्त. चुका वाढल्या की पुढच्या वर्षी राज्याला दंडासारखी रक्कम. ती भरायला पैसा कुठून? पुन्हा माणसं कमी. आमच्याकडे गेल्या वर्षी एक अनुभवी बाई निवृत्त झाल्या, जागा भरलेली नाही. त्यांच्या फाइली आम्ही वाटून घेतल्या. नवीन माणूस तयार व्हायला वर्ष जातं, हे वर कुणाला सांगायचं?

न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कॅलिफोर्निया, ओहायो, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलिना अशा दहा राज्यांत हे काम काउंट्याच करतात. रारिटनकाठ, तुमच्या काउंटीतही असंच एखादं ऑफिस आहे. त्याचा खर्च तुमच्या टॅक्स बिलातल्या 'काउंटी' या ओळीत येतो.

---

अंकगणित

खिडकीपलीकडे, फार मोलाचं लिहिलंत. एक भर घालतो. कायद्यात एक विचित्र तरतूद आहे. ज्या राज्यांचं चुकांचं प्रमाण फारच जास्त, त्यांना वाटा द्यायला एक-दोन वर्षांची जादा मुदत मिळते. अलास्काचं प्रमाण २०२४ मध्ये २४ टक्क्यांच्या वर होतं. म्हणजे ११ टक्क्यांवर असलेलं, सुधारायला धडपडणारं राज्य लगेच पैसे भरणार आणि २४ वालं थांबणार.

मेडिकेडमध्येही माणसांचंच काम वाढतंय. जानेवारी २०२७ पर्यंत महिन्याला ८० तास कामाची अट, आणि ओबामाकेअरवाल्यांची पात्रता वर्षातून एकदाऐवजी दर सहा महिन्यांनी तपासायची. आर्कान्सासने २०१८ मध्ये अशी अट लावली होती, काही महिन्यांत १८,००० हून जास्त लोकांचं मेडिकेड गेलं. त्यातले कितीतरी काम करत होते किंवा त्यांना सूट लागू होती, पण नोंद करायची पद्धत त्यांच्यापर्यंत पोचली नाही.

---

मोदकवाली

आमच्या मंडळाचं बजेट तरी दर वर्षी जुळतं, तेही वर्गणी बुडवणाऱ्यांसकट! :)

बाकी खिडकीपलीकडे यांची पोस्ट वाचून सुन्न झाले. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ४३ दिवस फेडरल सरकारचं कामकाज बंद होतं (शटडाउन), त्यात स्नॅप अडकलं तेव्हा आम्ही मंडळातर्फे जवळच्या फूड पॅंट्रीला (गरजूंना फुकट धान्य देणारं केंद्र) तूरडाळ, तांदूळ, पीठ दिलं. पॅंट्रीवाल्या बाई म्हणाल्या, 'द्या, सगळं द्या, पण हे लक्षात ठेवा की स्नॅप जितकं जेवण पुरवतं त्याच्या जवळपासही आम्ही पोचू शकत नाही.' मी तोवर समजत होते की दानधर्माने भागेल.

---

टायसन्सकर

फेअरफॅक्स काउंटी, व्हर्जिनिया. आमच्याकडे फटका वेगळ्या दाराने आला. इथे घरटी कोणीतरी फेडरल नोकर नाहीतर कॉन्ट्रॅक्टर. २०२५ मध्ये नोकऱ्या गेल्या, कॉन्ट्रॅक्टं रद्द झाली. माझ्या मित्राचं घर सहा महिने विकलं जात नव्हतं. पलीकडे मेरीलॅंडचं मूडीज या पतमानांकन संस्थेचं सर्वोच्च मानांकन मे २०२५ मध्ये गेलं, आणि मूडीजने कारणांत फेडरल कपातीचाही उल्लेख केला. मानांकन उतरलं की शाळा-पूल बांधायला काढलेल्या रोख्यांवर व्याज जास्त.

आमच्या काउंटीने १ जानेवारी २०२६ पासून हॉटेलातल्या खाण्यावर ४ टक्के कर लावला. तो काही एकट्या फेडरल कपातीमुळे नाही, ऑफिसच्या इमारती रिकाम्या पडल्यापासून घरांवरचा बोजा वाढतोय, तो हलका करायचा होता. पण मसाला डोशाच्या बिलात ती ओळ आता दिसते.

---

पाइनवृक्ष

कोलोरॅडोतून. इथे तर खर्चकपातीच्या आधी करकपातीनेच खड्डा पाडला. आमच्या राज्याचा इन्कम टॅक्स फेडरल करपात्र उत्पन्नावर मोजतात. वॉशिंग्टनने वजावटी वाढवल्या की आमचं उत्पन्न आपोआप कमी. आर्थिक वर्ष चालू असतानाच राज्याचा एक बिलियनहून जास्त महसूल गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलवावं लागलं. राज्याने काहीही ठरवलेलं नसताना!

---

पर्वती_पायथा

पुण्याहून लिहितोय, थोडं विषयांतर, पण संबंध आहे.

आपल्याकडे केंद्राच्या करांतला राज्यांचा वाटा वित्त आयोग ठरवतो, घटनेच्या कलम २८० खाली. पंधराव्या आयोगाने तो ४१ टक्के ठेवला. दर पाच वर्षांनी भांडण होतं, पण निदान आयोग आहे. अमेरिकेत असं काही दिसत नाही, प्रत्येक योजना वेगळी आणि प्रत्येकीचा दोर वेगळ्याच्या हातात.

तरी अडवणूक आपल्याकडेही आहेच. महाराष्ट्रात महापालिका, जिल्हा परिषदांच्या निवडणुका वर्षानुवर्षं रखडल्या तेव्हा निवडून आलेलं सभागृह नाही म्हणून वित्त आयोगाचा निधी अडकला. पाणीपुरवठ्याची, कचऱ्याची कामं थांबली. शिक्षा कुणाला? निवडणूक मागणाऱ्या नागरिकालाच. त्याआधी जकात गेली, एलबीटी आला आणि गेला, आता पालिका राज्याच्या भरपाईकडे डोळे लावून बसते.

आणि रोजगार हमी. महाराष्ट्राने सत्तरच्या दशकात ती स्वतःच्या पैशावर उभी केली, शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर लावून. पुढे तीच कल्पना देशाने घेतली. मनरेगात मजुरीचा पैसा केंद्र देत होतं. डिसेंबर २०२५ च्या नव्या कायद्याने बहुतेक राज्यांना ४० टक्के वाटा द्यायला लावलाय. स्नॅपसारखंच, नाही का?

---

खतावणी

पर्वती, तुमचंच उदाहरण माझ्या बाजूचं आहे. महाराष्ट्राने ठरवलं, कर लावला, योजना चालवली. लोकांनी व्यवसाय कर भरला कारण कशासाठी हे माहीत होतं. न्यू जर्सीला, कॅलिफोर्नियाला कोणी अडवलंय?

---

पर्वती_पायथा

महाराष्ट्राकडे मुंबई होती. बिहारला त्या काळी हे जमलं नसतं. मिसिसिपीला आज जमेल का?

---

अंकगणित

खतावणी, गावांना तर अडवलंच आहे. न्यू जर्सीत २०११ पासून प्रॉपर्टी टॅक्सच्या एकूण वसुलीत वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढ करता येत नाही. आरोग्य विमा, पेन्शन, कर्जफेड असे मोजके अपवाद. त्यापलीकडे जायचं तर मतदान घ्या. आता दोन टक्क्यांत पगारवाढही बसत नाही. वॉशिंग्टन राज्याला खो देतं, राज्य काउंटीला, काउंटी गावाला. गावापुढे खो द्यायला कुणी नाही.

कर्जाबद्दल तुमची काळजी मला पटते. पण हाच कायदा, काँग्रेसच्या बजेट ऑफिसच्या अंदाजाने, दहा वर्षांत तूट ३.४ ट्रिलियनने वाढवतोय, कारण करकपात खर्चकपातीहून मोठी आहे. सीनियर सेंटरचं जेवण कापून कर्ज फिटत नाहीये.

---

खतावणी

तो आकडा मलाही खुपतो. करकपात एवढी करायला नको होती, हे मी माझ्या काँग्रेस सदस्यालाही लिहिलंय. पण त्यावरून राज्यांनी आपली जबाबदारी झटकावी हे सिद्ध होत नाही. माझं मत कायम.

---

ग्रंथसखी

लायब्ररीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मार्च २०२५ मध्ये एका आदेशाने लायब्ररी आणि म्युझियमना पैसे देणारी छोटी फेडरल संस्था मोडीत काढायला घेतली. मेन राज्याच्या ग्रंथालयाला एप्रिलमध्ये माणसं काढावी लागली, काही काळ दारंही बंद ठेवावी लागली. देशाच्या हिशेबात हा पैसा चिमूटभर. पण एका गावचं पुस्तक दुसऱ्या गावात पोचवणारी गाडी, ई-बुक्स, अंधांसाठीची बोलकी पुस्तकं यावर चालतात. पुढे कोर्टांनी हस्तक्षेप केला. तोवर ज्यांनी नोकरी सोडली त्या परत आल्या नाहीत.

---

दोन_पाखरं

एक महत्त्वाची सूचना, कारण इथे बऱ्याच जणांचे आईवडील ग्रीन कार्डवर येतात. ग्रीन कार्डला पाच वर्षं व्हायच्या आत मेडिकेड मिळत नाही, हे जुनंच. आतापर्यंत अशा कमी उत्पन्नाच्या, स्वतंत्र टॅक्स रिटर्न भरणाऱ्या आईवडिलांना मार्केटप्लेसच्या (ओबामाकेअरखालच्या विमा बाजाराच्या) विम्यावर सबसिडी मिळायची. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या खाली असेल तर १ जानेवारी २०२६ पासून ती बंद. पाच वर्षं झालेल्यांचं मेडिकेड मात्र चालू राहतं, घाबरू नका.

आता विमा नसलेले आजोबा छातीत दुखलं म्हणून इमर्जन्सीत गेले तर १९८६ च्या कायद्याने रुग्णालयाला त्यांना तपासून स्थिर करावंच लागतं. बिल भरलं नाही तर तो खर्च रुग्णालयाच्या, मग राज्याच्या चॅरिटी केअरच्या (गरजूंवरच्या मोफत उपचारांच्या) खात्यात. ताईंच्या मूळ प्रश्नाचं हे आणखी एक उत्तर : खर्च नाहीसा झाला नाही, महाग होऊन दुसऱ्या दाराने आला.

---

फळा_खडू

मी आमच्या गावच्या स्कूल बोर्डावर आहे (न्यू जर्सी). शाळांच्या एकूण पैशात फेडरल वाटा दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणून लोक म्हणतात काय फरक पडतो. पण तो पैसा सगळ्या मुलांवर सारखा पसरलेला नसतो. टायटल वन नावाचं फेडरल अनुदान गरीब वस्तीच्या शाळांकडे जातं, टायटल थ्री इंग्रजी शिकणाऱ्या मुलांकडे. आपल्याकडून नुकती आलेली मुलंही त्यात असतात.

२०२५ च्या १ जुलैला शाळांना मिळायचे सुमारे ६.८ बिलियन अचानक रोखले. आमचं बजेट वसंतातच मंजूर झालं होतं, शिक्षक नेमले होते. महिनाअखेर पैसे सोडले, पण मधले आठवडे आम्ही उन्हाळी वर्ग चालू ठेवायचे की नाही यावर रात्री बसलो होतो. पैसा उशिरा येण्याचंही नुकसान असतं, ते कुठल्याच ताळेबंदात येत नाही. चांगली शिक्षिका त्या महिन्यात दुसरीकडे सही करून मोकळी होते.

आणि खाली ढकलण्याची रीत नवी नाही. १९७५ साली अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा करताना काँग्रेसने अशा प्रत्येक मुलामागे देशातल्या सरासरी प्रतिविद्यार्थी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत देऊ म्हटलं होतं. एकाही वर्षी दिले नाहीत, आज ते १५ टक्क्यांच्याही खाली आहेत. मुलाचा हक्क मात्र पूर्ण आहे, आणि असायलाच हवा. उरलेलं आपण प्रॉपर्टी टॅक्समधून भरतो.

---

जुनी_जाणती

फळा_खडू यांना दुजोरा. १९७२ मध्ये निक्सन यांच्या काळात 'रेव्हेन्यू शेअरिंग' सुरू झालं, गावांना थेट, अटीविना पैसा. आमच्या लहान गावाने त्यातून आगीचा बंब घेतला होता. राज्यांसाठी ते १९८० च्या सुमारास थांबलं, गावांसाठी १९८६ मध्ये. बंब जुना झाला तेव्हा कर्ज काढून घेतला.

---

मॅनव्हिलजवळ

पुराचं राहिलं. सप्टेंबर २०२१ मध्ये आयडा वादळाने आमच्या भागात घरं बुडाली. पूर येण्याआधी नाले रुंद करा, पंप उंचावर न्या, यासाठी फेमाची (फेडरल आपत्ती व्यवस्थापन संस्था) 'ब्रिक' नावाची योजना होती. एप्रिल २०२५ मध्ये ती रद्द केली, राज्यं कोर्टात गेली. पूर आल्यावर मदतीचा ७५ टक्के खर्च साधारणपणे फेडरल सरकारच उचलतं. आधीचा पैसा वाचवून नंतरचा वाढवायचा, याला बचत म्हणवत नाही मला.

---

रारिटनकाठ

सगळ्यांचे खूप आभार. दोनदा वाचून काढलं. माझ्या प्रश्नाचा पहिला भाग कळला. दुसरा उरलाय : बिलात नेमकं कुठे बघू?

एक गोष्ट मात्र आधी बोलायची आहे. याच कायद्याने राज्य-स्थानिक करांच्या वजावटीची मर्यादा १०,००० वरून ४०,००० डॉलर केली. आमच्या घरात फेडरल टॅक्स त्यामुळे कमी झाला, इथल्या पाच लाखांखाली उत्पन्न असलेल्या बऱ्याच न्यू जर्सीकरांचाही झाला असेल. गावाने दोनशे डॉलर वाढवले म्हणून आपण बैठकीत आरडाओरडा करतो. वॉशिंग्टनने त्याहून जास्त परत दिले, त्याबद्दल कोणी बोलत नाही. माझी तरी गावाला जास्त द्यायची तयारी आहे, जेवणाचे दिवस आणि ती शिक्षिका राहणार असेल तर.

---

खतावणी

याला माझा पूर्ण पाठिंबा. स्वतःहून, उघडपणे, कशासाठी ते सांगून. मी हेच म्हणत होतो.

---

अंकगणित

ताई, बिलात तीन मुख्य ओळी असतात : शाळा, गाव, काउंटी. निम्म्याहून जास्त शाळा. पण नुसतं बिल बघू नका, २ टक्क्यांच्या मर्यादेमुळे तिथे फार दिसणार नाही. बजेटच्या कागदात चार ठिकाणी बघा. रिकाम्या जागा किती आणि 'भरणार नाही' अशा किती. शिलकीतून यंदा किती उचलले, गेल्या वर्षी किती. फी : कचरा, पार्किंग, उन्हाळी शिबिर, परवाने. आणि पुढे ढकललेली कामं. 'ग्रॅंट्स' या सदरात प्रत्येक ओळीसमोर फेडरल की राज्य हे विचारा, कारण बराच फेडरल पैसा राज्याच्या नावाने येतो.

---

खिडकीपलीकडे

माझाही एक प्रश्न जोडाल का? काउंटीच्या स्नॅप ऑफिसात किती जागा रिकाम्या आहेत, आणि १ ऑक्टोबरच्या आधी त्यातल्या किती भरणार. हा प्रश्न बैठकीत कोणी विचारत नाही, कारण ज्यांना गरज असते ती माणसं संध्याकाळी कामावर असतात.

---

रारिटनकाठ

नक्की. गावाच्या सुनावणीनंतर काउंटीची आहे, तिथे विचारते. तुमच्या दोन तारखाही मांडते. उत्तर इथे लिहीन.

---

मोदकवाली

मीही येते. काउंटीची तारीख कुठे मिळते?

---

फळा_खडू

काउंटीच्या वेबसाइटवर कमिशनर्स बोर्डाचा अजेंडा असतो, त्यात 'बजेट हिअरिंग' शोधा. बोलायचं असेल तर नाव आधी नोंदवावं लागतं का ते क्लार्कला फोन करून विचारा. बहुतेक ठिकाणी माणशी काही मिनिटंच मिळतात, तेव्हा प्रश्न आपसांत वाटून घ्या.